पापलेटाचे दात

गेल्या रविवारी मी पापलेटाच्या भावाने रूपचंद नावाचा गोड्या पाण्यातला मासा विकत आणला आणि ही गोष्ट मालवणच्या सासऱ्यांसमोर, त्यांच्याच ताटात उघडकीला आली. त्यांनी तळलेल्या डोक्याचा ओठ बोटाने वर केला, आतले दात पाहिले आणि "जावईबापू, पापलेटाक दाढा कधीपासून?" एवढेच विचारले. पूर्ण वाढलेल्या पापलेटाला पोटाखालचे पर नसतात. याला ते होतेच, शिवाय पाठीवर शेपटीजवळ मांसाचा छोटा पर आणि पोटाच्या कडेला करवतीसारखे दाते. मी मात्र बाजारात फक्त चकाकी पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन गेलो, तर मावशी म्हणाल्या, "पापलेटच हाय, तळ्यातलं." मी दात दाखवले. "मग तो खानार कशानं?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

एवढ्यात मागच्या निवृत्त गृहस्थांनी छत्रीचे टोक बर्फावरच्या माशाकडे रोखून जाहीर केले, "हात लावू नका, हा पिरान्हा आहे." चिडलेल्या माणसाला शिकवण्याची हौस येते, तशी मला आली. पिरान्हा याचा चुलतभाऊ खरा, परंतु त्याचे दात त्रिकोणी, धारदार आणि वरच्या जबड्यात एकाच ओळीत असतात. या रूपचंदाच्या, म्हणजे पाकूच्या, वरच्या जबड्यात दोन ओळी असतात आणि दात माणसाच्या दाढांसारखे असतात, हे मी समजावले. गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवून माशाच्या तोंडात बराच वेळ पाहिले.

"अगदी माझ्या कवळीसारखे," ते हळहळले. "खातो काय?"

"ॲमेझॉनच्या खोऱ्यात जंगलात पुराचे पाणी शिरले की झाडांवरून पडलेली फळे खातो, कडक बिया फोडतो."

"म्हणजे शाकाहारी! मग श्रावणात चालायला हरकत नसावी."

मी मदतीच्या आशेने मावशींकडे पाहिले. त्यांनी मान डोलावली. "चालतंय की."

वास्तविक रूपचंद वाईट मासा नाही. काटे निवडत खाल्ला तर रस्स्यात चवही धरतो. स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या भावाने विकला, तर माझ्यासारखा माणूसही तो आनंदाने घेईल. परंतु दुसऱ्याचे नाव लावून त्याचा भाव वाढवायचा आणि गिऱ्हाइकाने विचारले की त्यालाच अडाणी ठरवायचे, याचा मला अजूनही राग आहे.

गृहस्थांनी मासा रूपचंदाच्या भावाने, म्हणजे मी मोजलेल्या पैशांच्या निम्म्याहून कमी किमतीत, श्रावणासाठी बर्फात ठेवायला नेला. माझे पैसे मागितले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "तुमचा पापलेट होता ना, दादा."