साखळी कुठंय?

सकाळी भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. जेमतेम चाळीस सेकंदांचा. एक पठ्ठ्या जुन्या पिकअपची पुढची कॉइल स्प्रिंग काढतोय. पायात स्लिपर, लोअर आर्मखाली (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याखाली) एकच जॅक, बाकी काही नाही. बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा सांधा) सुटला, याने जॅक भसकन सोडला, स्प्रिंग टणकन बाहेर उडाली, जमिनीवर दोन कोलांट्या खाऊन भिंतीला आपटली. हा हसतोय. खाली कॉमेंटमध्ये लोकही हसतायत. आणि भाच्याचा मेसेज: "मामा, एवढं सोपं असतं? मग आपणच करू की आपल्या गाडीचं."

दिवसभर डोकं ठिकाणावर नाहीये माझं. अरे, साखळी कुठंय? स्प्रिंग उडाली तर अडकून राहावी म्हणून त्या माणसाने तिच्यातून साधी एक साखळी ओवलेली नाही!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अशा गाडीत पुढचा भार त्या स्प्रिंगवर असतो. चाक काढलं, शॉकअप काढला, तरी ती चासी आणि लोअर आर्म यांच्यात दबूनच बसलेली असते. समजा एक मिलिमीटर दाबायला १०० न्यूटन लागतात आणि ती १५० मिलिमीटर दबलेली आहे. हिशेब करा, सव्वाअकराशे ज्यूलच्या आसपास येतो. म्हणजे ५० किलोची गोणी दोन मीटरहून वर उचलायची आणि सोडायची. खाली कुणाचं डोकं आहे ते तुम्हीच बघा.

माझं होतं. म्हणजे अगदी दोन मिनिटं आधीपर्यंत होतं.

११ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची पिकअप नाक खाली घालून चालायला लागली होती, ब्रेक मारला की मान टाकायची. स्प्रिंगा बसल्या होत्या. (इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण याचाही मला राग येतो. लोक म्हणतात "स्प्रिंग मऊ पडली". पोलाद असं मऊ पडत नाही हो. वर्षानुवर्षं भार सोसून तिची मूळची उंची कमी होते, ताठपणा जवळपास तोच राहतो. म्हणून तर कारागीर "बसली" म्हणतात, आणि बरोबर म्हणतात.) तर मी आणि दादा, दोघांनी घरीच करायचं ठरवलं. डावी बाजू इतकी जपून केली की अख्खी दुपार गेली. चासीखाली दोन स्टँड, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवायचं तेल. बॉल जॉइंटचा नट पूर्ण न काढता चार आटे ढिला करून तसाच ठेवला, मग नकलवर (चाक ज्यावर बसतं त्या भागावर) हातोडा, टपकन बॉल जॉइंटचा निमुळता दांडा सुटला, आणि नटाने आर्म धरून ठेवला. मग खालून जॅकने भार घेतला, नट काढला, आणि जॅक इतका सावकाश सोडला की दादा म्हणाला, "उद्या सकाळपर्यंत येईल खाली."

उजव्या बाजूला मी शहाणा झालो होतो.

साखळी मला नको होती. मधेमधे येत होती, जॅकचं हँडल अडत होतं. दादा काही बोलला नाही, त्याने गपचूप ती स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमधून ओवली, चासीला गुंडाळली आणि बोल्ट घातला. मी त्याला भित्रा म्हणालो. हे शब्द मला अजून आठवतात.

आता गंमत बघा, चूक जॅकची नव्हती, खड्याची होती. लोअर आर्म सरळ खाली येत नाही. दाराच्या बिजागरीसारखा तो कमानीत फिरतो, त्यामुळे खालच्या जॅकला त्याच्याबरोबर सरकावं लागतं. म्हणून तर त्याला चाकं असतात. आमच्या जॅकच्या एका चाकापुढे हरभऱ्याएवढा खडा होता. जॅक सरकला नाही, आर्म त्याच्या डोक्यावरून निसटला. जो आवाज झाला तो शब्दांत सांगता येणार नाही, मला तो छातीत ऐकू आला. साखळी ताडकन ताणली गेली आणि स्प्रिंग हवेत लटकत राहिली, थरथरत.

त्याआधी दोन मिनिटं मी तिथेच तोंड घालून वरची रबरी गादी फाटलीय का ते बघत होतो.

दादाने काय केलं? खडा उचलला, लांब फेकला, आणि म्हणाला, "झाडू आण."

बरं, आता खाली काही जण येऊन सांगतील की काही गाड्यांत आर्म पुरेसा खाली येतो आणि स्प्रिंग हाताने निघते. मान्य. १९६५ पासूनच्या फोर्डच्या दुहेरी आय-बीमवाल्या (पुढच्या प्रत्येक चाकाला वेगळी आडवी तुळई असलेल्या) पिकअपमध्ये बऱ्याचदा तसंच होतं. आणि रोज हेच काम करणारे कंप्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरायच्या अवजाराशिवाय) करतात, तेही मान्य. ते रोज करतात. तुम्ही आयुष्यात दोनदा करणार.

पण दुसऱ्या टोकाच्या मंडळींचाही मला तेवढाच वैताग आहे. "घरी हात लावूच नका, गॅरेजला द्या." का? स्वतःच्या गाडीखाली स्वतः आडवं झाल्याशिवाय कळतं का काही? गॅरेजवाल्याने एका पिकअपचं काम करताना बुशचे (आर्मच्या सांध्यातल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी हवेत लटकत असतानाच आवळून टाकलेले मी पाहिलेत. रबराचे बुश पीळ खाऊनच बसतात आणि मग लवकर फाटतात. ते शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करून, भार आल्यावर करायचं. स्प्रिंगचं टोक खालच्या खोबणीत नीट बसलं का, ते बोटाने चाचपून बघायचं. नट सुटू नये म्हणून असलेली जुनी स्प्लिट पिन परत घालायची नाही. आणि एकच बाजू बदलायची नाही, गाडी लंगडेल. इतकं करायला घरचा माणूस नक्की पुरतो.

हां, एक मात्र करू नका. दुसऱ्या गाडीची "थोडीशीच जाड आहे, चालून जाईल" म्हणून स्प्रिंग बसवू नका. ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. १५ मिलिमीटरची तार साडेसोळाची झाली की बाकी सगळं तेच असलं तरी स्प्रिंग जवळपास दीडपट ताठ. मग दातांना दात लागतात आणि पुन्हा आम्हालाच विचारता.

खूप चिडून लिहितोय, कळतंय मला. भाच्यावर नाही चिडलो. उलट त्याने विचारलं हे बरंच झालं, मी त्याच्या वयात कुणाला विचारलं नसतं. त्या व्हिडिओतल्या पोरावरही आता तेवढा राग नाही. त्याला हसताना बघून मला मी दिसलो, दादाला भित्रा म्हणणारा. फरक एवढाच की त्याच्या मागे कुणी गपचूप साखळी ओवत नव्हतं.

ती साखळी अजून शेडमध्ये खिळ्याला आहे. तिची एक कडी ओढली जाऊन लांबट झालीय, बदामाच्या बीसारखी. ती आता कामाची नाही, एकदा ताणलेल्या साखळीवर भरवसा ठेवायचा नसतो. नवी आणलीय. कंप्रेसरच्या आट्यांना ग्रीस लावून ठेवलंय, आणि तो हाताच्या पान्यानेच फिरवायचा, इम्पॅक्ट गनने (ठोके देत नट फिरवणाऱ्या मशीनने) नाही, हेही भाच्याला बजावलंय.

रविवारी गाडी घेऊन ये म्हटलंय त्याला. दादालाही फोन केला. म्हणाला, "मी हात लावणार नाही, नुसता बघायला येईन." आणि मग थोड्या वेळाने विचारतो, "फरशी झाडलीस का?"