फिल्टरआधी गंजाचा उगम शोधा
नळाला पिवळट पाणी येत असेल तर थेट फिल्टर बसवा, असं एका लेखात सुचवलं आहे, पण रंग कुठून येतो हे आधी पाहायला हवं. सकाळचं पहिलं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या. फक्त गरम नळाला रंग असेल तर गीझरची टाकी आणि तिच्यातला अॅनोड रॉड (स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवणारी धातूची कांडी) तपासा. गार पाणी दोन-तीन मिनिटांत निवळलं तर बहुधा घरातलेच जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप गंजलेत. निवळलंच नाही तर पाणी साठवायची टाकी किंवा बाहेरची लाइन बघा. स्वच्छ आलेलं पाणी ठेवल्यावर तांबूस होत असेल तर त्यात विरघळलेलं लोह आहे, ते साध्या गाळणाऱ्या फिल्टरने अडत नाही. आणि कृपया, अशा पाण्याने पडलेल्या डागांवर ब्लीच ओतू नका, लोहाचा डाग त्याने आणखी पक्का बसतो.