वारा नव्हे, ब्रीझ

गेले पंधरा दिवस एका फोटोनं माझी झोप उडवलीय. फोटोत मी समुद्राकाठी हिरव्यागार गवतावर उभा, दोन्ही हात डाव्या खांद्यावरनं मागं गेलेले, हातात गोल्फची काठी, नजर लांब कुठंतरी. बायकोनं काढला, मुलीनं घरच्या ग्रुपवर टाकला, तिथनं आमच्या रंकाळ्याच्या मॉर्निंग वॉक ग्रुपवर कसा पोचला ते अंबाबाईलाच ठाऊक, आणि तेव्हापास्नं मी कट्ट्यावर दिसलो की "आलं बघा टायगर वूड्स" सुरू. मी पण गप बसलो, जरा बरं वाटत होतं. खरी गोष्ट अशी की फोटो गुडघ्यापर्यंतच आहे. गुडघ्याखाली टी होती, म्हणजे बॉल ठेवायची बारकी खुंटी, आणि टीवर बॉल होता. जागचा हललेला नव्हता.

तर झालं असं. मुलगी-जावई स्कॉटलंडमध्ये, एडिंबरात असतात. यंदा उन्हाळ्यात आम्ही दोघं गेलो. जावई पुण्याचे, म्हणजे माणूस सोन्यासारखा पण कुठलीही गोष्ट पहिल्यापास्नं समजावून सांगणार. रविवारी म्हणाले, "बाबा, गोल्फच्या माहेरी आलाय, एकदा खेळून बघाच." माहेर म्हणजे सेंट अँड्र्यूज. तिथल्या ओल्ड कोर्स नावाच्या मैदानावर आमच्यासारख्याला घेत नाहीत, आधी हँडिकॅप, म्हणजे आपण कितपत खेळतो त्याचा आकडा, दाखवावा लागतो. मी म्हंटलं माझा गुडघा दाखवू काय. शेवटी किनाऱ्यावरचंच एक नऊ होलचं छोटं मैदान ठरलं, त्याचं नाव सांगत नाही कारण त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही.

गाडीत लेक्चर. ह्या असल्या मैदानाला लिंक्स म्हणतात, म्हणजे समुद्र आणि शेतजमीन ह्यांच्या मधला वाळूचा पट्टा, त्यात काही पिकत नाही, नुसती मेंढरं चरायची. म्हंटलं सरळ सांगा की, ऊस होत नाही म्हणून खेळायला सोडलेली जमीन. पुढं म्हणाले, १४५७ साली तिथल्या दुसऱ्या जेम्स राजानं गोल्फ आणि फुटबॉल दोन्हीवर बंदी घातली, का तर पोरं धनुष्यबाणाचा सराव सोडून खेळत बसायची. हे ऐकून मात्र मी सावरून बसलो. फुटबॉलवर बंदी! आमच्याकडं पेठेपेठेत तालमीची टीम, शाहू स्टेडियमवर मॅच असली की घरात भाऊ भावाशी बोलत नाही, आणि आमच्या राजानं कुस्तीला खासबागेचं एवढं मैदान बांधून दिलं. हा जेम्स कोल्हापुरात आठवडाभर टिकला नसता.

वाऱ्याची मला काळजी नव्हती. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर आषाढात टोपी सांभाळलेला माणूस मी. पण गाडीचं दार उघडलं तेव्हाच कळलं, कारण ते उघडेचना, आणि उघडलं तर मिटेना. तिथं झाड म्हणून नाही. समुद्रावरनं वारा सुटतो तो थेट तुमच्या कानात. मी माकडटोपी काढली, जावयांनी इकडंतिकडं बघितलं पण काही बोलले नाहीत. बायको थर्मास आणि चिवड्याचा डबा घेऊन बाकावर बसली. दोन मिनिटांत समोर पाच सीगल, आमच्या कावळ्याच्या तिप्पट, ओळीनं, पंगतीला बसल्यासारखे.

पहिला शॉट म्हणजे तो फोटोतला. दुसरा लागला. लागला म्हणजे मन लावून मारला, विटी-दांडूत आयुष्य गेलंय माझं. बॉल सुटला, वर चढला, अजून चढला, पतंगासारखा डोक्यावर उभा राहिला, काहीतरी विचार केला आणि माघारी फिरला. माझ्यापास्नं वीस पावलांवर पडला. जावई म्हणाले, "बाबा, जोरात मारू नका. जोरात मारला की बॉलला उलटी फिरकी जास्त बसते, समोरनं वारा असला की तो पुढं जायच्याऐवजी वर चढतो. हळू मारा, खालून जाऊ द्या." आता मला सांगा, कोल्हापूरच्या माणसाला हळू मार म्हणणं म्हणजे कट बाजूला ठेवून मिसळ खा म्हणण्यासारखं आहे. मी अजून जोरात मारला. बॉल अजून वर गेला. ह्या वेळी उजवीकडं वळला आणि पिवळ्या फुलांच्या एका झुडपात शिरला. गोर्स म्हणतात त्याला. लांबनं हळदीच्या कार्यक्रमासारखं दिसतं, आत हात घातला की बाभळीची सख्खी बहीण. मी कोपरापर्यंत आत, आणि जावई बाहेर घड्याळ धरून, "बाबा, शोधायला तीनच मिनिटं असतात, आधी पाच असायची, २०१९ पास्नं तीन केली." आमच्या गल्लीत गटारीत गेलेला बॉल आम्ही संध्याकाळपर्यंत शोधायचो, आणि शोधताना मागच्या वर्षीचे दोन सापडायचे.

तेवढ्यात मागनं दोन आज्ज्या आल्या. वय ऐंशीच्या घरात, प्रत्येकीची पिशवी चाकाच्या गाड्यावर. आम्ही बाजूला झालो, त्यांना पुढं जाऊ दिलं. एकीनं काठी अर्धीच उचलली, टुक केलं, बॉल जमिनीलगत सरपटत ऐंशी-नव्वद पावलं सरळ गेला. दुसरीनं टुक. तिचाही गेला. वाऱ्याला कळलंच नाही बॉल कुठनं गेला ते. जाताना एकीनं माझ्या माकडटोपीकडं बघून हसून सांगितलं, "बिट ऑफ अ ब्रीझ टुडे." ब्रीझ! माझे डोळे पाण्यानं भरलेले, जावयाचा स्कोअरचा कागद केव्हाच नॉर्वेकडं गेलेला, आणि ही बाई म्हणते ब्रीझ.

चौथ्या होलला मी बंकरमध्ये गेलो, आणि तिथं माझं भलं झालं. बंकर म्हणजे वाळूचा खड्डा, पण हा तर पुरुषभर खोल, भिंती गवताच्या ढेकळांच्या रचलेल्या, विटांसारख्या. आत उतरलो आणि एकदम आवाज बंद. वारा नाही. ऊन लागत होतं पाठीला. कान परत माझे झाले. हे खड्डे म्हणे मुळात मेंढरांनीच केले, वाऱ्यापासनं आडोसा म्हणून एका जागी बसून बसून, आणि त्या क्षणी त्या मेंढरांइतकं शहाणं कोण भेटलं नव्हतं मला सबंध स्कॉटलंडात. समोर वाळूचा गोल हौदा बघून जुनी सवय उसळली, लहानपणी दोन वर्षं तालमीत होतो, मी वाकलो, वाळूला हात लावला आणि कपाळाला लावला.

वरनं ओरडा. "बाबा! वाळूला हात लावलात?"

"लावला. का?"

"शॉटच्या आधी वाळू तपासायला हात लावला तर दोन शॉट दंड. तुम्ही तपासायला लावलात का पाया पडायला?"

"पाया पडायला."

वर बराच वेळ शांतता. पुण्याचा माणूस, मोबाइलवर नियम उघडून बघत असणार. मग आवाज आला, "मग चालेल बहुतेक."

त्या खड्ड्यातनं बॉल काढायला मला अकरा शॉट लागले. त्यातले पहिले चार प्रामाणिक होते. पुढं मला घाई कशाला असेल सांगा, बायकोला हाक मारून चिवडा मागवला, तिनं वरनं डबा सोडला, मी बसून खाल्ला. वर जावई वाऱ्यात वाकडे होऊन उभे, मी खाली उन्हात शेंगदाणे वेचतोय. शेवटी बॉल बाहेर गेला, त्या दिवशी खरं वाईट वाटलं असेल तर तेवढंच. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पोचलो तर तो बॉल होलच्या तोंडाशी थांबला आणि वाऱ्यानं आपला आपण मागं चालायला लागला. नऊ होलचा माझा हिशेब जावयांनी तोंडानं सांगितला, शंभराच्या पुढं होता, मी नीट ऐकला नाही, कानात वारा होता.

आता कट्ट्यावर ठरलंय की येत्या रविवारी सगळ्यांनी मसाई पठारावर जायचं आणि मी गोल्फ शिकवायचा. एकजण पोराची हॉकी स्टिक आणणार आहे, एकानं सुताराकडनं दांडू करून घेतलाय, तांबड्या-पांढऱ्याचा बेत वेगळाच. श्रावणातलं पठार, पायाखाली चिखल, समोरनं धुक्याचे लोट. काल एकानं जरा काळजीनं विचारलं, "आबा, वर लई वारं असतंय गा. जमंल न्हवं?"

मी चहाचा घोट घेतला, लांब रंकाळ्याकडं बघितलं, फोटोत बघतोय तसं.

"वारं कुठलं मर्दा," म्हंटलं, "ब्रीझ असती ती."