मनातले मांडे, ३५ टक्के अनुदानासह

बेळगावचा मांडा आता लग्नाच्या रुखवतापुरता उरला. मनातला मांडा मात्र कुठेही भाजता येतो, त्याला खापरी लागत नाही. गावातल्या दहा बायकांनी मिळून एक स्वयंपाकघर उभारायचं, पाळीपाळीने पापड, चटण्या, लोणची करायची, गिरणी-भांडी सगळ्यांची सामाईक, आणि खर्चाला सरकारी अनुदान. असा मांडा तुमच्याही मनात भाजत असेल तर जरा बसा. आमच्या गल्लीतल्या संघाचे कागद मी तीन वर्षं पिशवीतून वाहिलेत. पिशवीचे दोन्ही बंद तुटले, म्हणजे सल्ला द्यायला मी लायक झालो.

पहिलं काम म्हणजे स्वयंपाक बंद करा. चेष्टा नाही. पापडाचं पीठ कुटून आणि संकेश्वरी मिरची खुडून ज्यांचे हात तयार झालेत, त्यांच्या अंगठ्याच्या रेषा यंत्रावर उमटत नाहीत. आमच्या संघातल्या सगळ्यात सुगरण मावशींचा अंगठा चार वेळा नापास झाला. जिला आयुष्यात पुरी लाटता आली नाही, ती पहिल्या झटक्यात पास. तेव्हा अर्ज करण्याआधी सहा महिने हात पाण्यात घालू नका, खोबरेल लावून बसा. उद्योजक हाताने ओळखू येतो.

दुसरं, नाव. इथे सीमाभागातल्या माणसाला थोडी जास्तीची संधी आहे. शाळेचा दाखला मराठीत, उतारा कन्नडात, पासबुक इंग्रजीत. दाखल्यावरची लक्ष्मीबाई उताऱ्यावर ‘लक्ष्मीबाई कोम मारुती’, म्हणजे मारुतीची बायको, होते आणि पासबुकात नुसती ‘लक्ष्मी एम’ उरते. वर जुन्या कागदांवर बेलगाम, नव्यांवर बेळगावी. हा बदल १ नोव्हेंबर २०१४ चा. (तारीख कोणती निवडली बघा, कर्नाटक राज्योत्सवाची. त्या दिवशी आपल्याकडे कोण मिरवणूक काढतं आणि कोण काळ्या फिती लावतं, हे तुम्हाला सांगायला नको.) या तिन्ही बायका एकच आहेत असं अ‍ॅफिडेव्हिट करून घ्या. दहा सभासदांचे दहा कागद. आमच्या वकिलांनी शेवटी घाऊक दर लावला.

आता योजना. केंद्राने २०२० साली लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी दहा हजार कोटींची योजना आणली. पीएमएफएमई तिचं नाव. ते एका दमात म्हणता आलं तर निम्मं काम झालं. तीत एकेकट्या उद्योगाला खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख. कर्नाटक सरकार वरून १५ टक्के घालून ते ५० वर नेतं. गटांच्या सामाईक सुविधेला ३५ टक्के, मर्यादा तीन कोटी. शिवाय बचत गटातल्या सभासदाला बीजभांडवल म्हणून ४० हजार. हे आकडे बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. त्या दिवशी चहासोबत कुंदा येतो. पुढच्या बैठकांना नुसता चहा, हेही लक्षात असू द्या.

कारण मग हिशेब सुरू होतो. दहा लाखांचा प्रकल्प धरा. एक लाख तुमच्या पदरचे. उरलेलं बँकेचं कर्ज. अनुदानाचे साडेतीन लाख येतात ते थेट बँकेत, तुमच्याच कर्जाशेजारच्या खात्यात, आणि तीन वर्षं तिथेच बसतात. कर्ज न थकता, उद्योग न थांबता तीन वर्षं निघाली की मग ते कर्जात वळते होतात. तोवर नुसतं दर्शन. म्हणजे ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांना हा पैसा, त्याच्याशिवाय तीन वर्षं चालवून दाखवल्यावर मिळतो. यात हसण्यासारखं काही नाही, मॅनेजरसमोर तर मुळीच हसू नका.

पदरचा एक लाख कुठून? सोपं आहे. कर्नाटक सरकार घरच्या यजमानीला, म्हणजे कर्त्या बाईला, देतं ते गृहलक्ष्मीचे महिन्याला दोन हजार, दहा बायका, पाच महिने. झाला लाख. हप्ते वेळेवर पडले तर, आणि रेशनकार्डावर यजमानी म्हणून सासूबाईंचं नाव नसलं तर. आमच्या दहातल्या सहाजणींच्या सासूबाई यजमानी निघाल्या, तेव्हा बीजभांडवल सासवांकडूनच मागावं लागलं. एक इशारा: ज्या घरात यजमानी किंवा तिचा नवरा आयकर भरतो किंवा जीएसटीचं रिटर्न भरतो, त्या घराला गृहलक्ष्मी मिळत नाही. म्हणून धंदा चालवा, पण बेताने. मसाल्याला गिऱ्हाईक वाढायला लागलं की मीठ थोडं जास्त टाका.

काय बनवायचं हा प्रश्न तुम्ही सोडवायचा नसतो. एक जिल्हा एक उत्पादन या हिशेबात बेळगावच्या वाट्याला गूळ आलाय आणि प्राधान्य त्याला. खानापूरच्या बाईला फणसपोळी जमते, पश्चिमेकडच्या गावांत रताळ्याचे ढीग पडतात, ते बाजूला ठेवा. प्रकल्प अहवाल लिहून देणाऱ्याला नुसती मान हलवा, तो सांभाळून घेतो. आमच्या अहवालात शेंगदाणा चटणी ‘गूळयुक्त’ होती, लोणचं ‘गूळप्रधान’ होतं आणि उडदाच्या पापडाला ‘गूळपूरक’ म्हटलं होतं. पापडाला गूळ कसा पुरवायचा ते संघातल्या कुणालाच कळलं नाही, मंजुरी मात्र पहिल्या टप्प्यात झाली.

बांधकामाचा मोह टाळा. बायकांना हवं होतं एक पक्कं छप्पर, उताराची फरशी, पाणी जायला मोरी, खिडक्यांना जाळी आणि नळ. योजनेत जागेची किंमत धरत नाहीत आणि बांधकाम ३० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. बाकी यंत्रं. म्हणून गिरणी, मिक्सिंगचा ड्रम, पाकीट चिकटवायचं मशीन, वाळवणी यंत्र, प्रत्येकी तीन-तीन कोटेशन. तिन्ही कोटेशनांवर एकच हस्ताक्षर असलं तर एखादं तिरकं लिहून घ्या.

पण खरी अडचण यंत्राची नव्हती, पैशाची नव्हती, भाषेचीही नव्हती. बायका मराठीत बोलायच्या, सल्लागार कन्नडात, मॅनेजर आंध्राकडचा आणि तो हिंदीत. तिघांचं बरं चाललं होतं. अडलं ते एका रकान्यावर: मालक कोण?

“आमचं आहे ओ सर,” बायका म्हणाल्या.

“आमचं मतलब किसका?”

“आमचं म्हणजे आमचं. दहाजणींचं.”

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. जागा कुणाची? संघातल्या एकीच्या आजेसासऱ्यांची. ते वारून तीस वर्षं झाली, घर गावठाणात, पंचायतीच्या ई-स्वत्तूत, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीत, उतरलेलं नाही, म्हणून उताऱ्याचा फॉर्म ९ नाही, म्हणून ११ नाही. वारस अकरा. त्यातले दोन कोल्हापूरला, एक पुण्याला, आणि एकाशी १९९८ पासून बोलणं नाही. वीज मीटर चुलत दिरांच्या नावे. अन्नसुरक्षेचा १४ आकडी नंबर कुणाच्या नावे काढायचा? लोणच्याला बुरशी आली तर नोटीस कुणाला? मॅनेजर चांगला माणूस होता. त्याने सुचवलं की एकजण मालकीण व्हा, बाकीच्या तिच्याकडे कामाला या. कागद दोन आठवड्यांत होईल.

बायका उठून गेल्या. बाहेर पायरीवर बसून एकमेकींकडे बघत राहिल्या. कोण होणार मालकीण, हा प्रश्न तोवर कुणाच्या डोक्यातही नव्हता. तिथून पुढे तो दोन महिने गेला नाही, आणि दोघींचं बोलणं तेव्हापासून बंद आहे ते अजून बंद आहे.

त्यांना दोष देऊ नका. बेळगाव कर्नाटकाचं की महाराष्ट्राचं, ‘हे कुणाचं’ या एका प्रश्नावर आपण १९५६ पासून बसलोय. महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दावा लावला, तारखा पडतायत. अख्ख्या जिल्ह्याचा रकाना भरायचा राहिलाय, तिथे एका मोरीचं काय घेऊन बसलात?

जागाच हवी असेल तर सुचवतो. हलग्याजवळ टेकाडावर कर्नाटक विधिमंडळाचं सुवर्ण विधानसौध आहे. २०१२ साली राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालं. हिवाळी अधिवेशनाचे थोडे दिवस गजबज, मग वर्षभर दगड आणि ऊन. वाळवणाला असं ऊन जिल्ह्यात दुसरीकडे नाही. २०२२ साली तिथल्याच एका कंत्राटी कामगार बाईच्या हे बरोबर ध्यानात आलं आणि तिने इमारतीसमोर शेवया वाळत घातल्या. फोटो गावभर फिरला, तिला कामावरून काढलं, ओरड झाली तेव्हा परत घेतलं. माझ्या माहितीत त्या इमारतीचा इतका रोखठोक उपयोग दुसऱ्या कुणी केलेला नाही. अहवालात ‘सौर वाळवणी, क्षमता अमर्याद’ असं लिहिता येईल.

आमच्या अर्जाचं म्हणाल तर गेल्या चैत्रात पाहणीला माणूस आला. फोटो काढायचा होता, जागेच्या अक्षांश-रेखांशासह. मी त्याला कुलूपबंद खोली दाखवली. त्याने फोटो काढला. परत निघालो तर मारुतीच्या देवळासमोर साड्या अंथरलेल्या, त्यावर शंभरेक पापड, पलीकडे कुरडया, आणि सात-आठ पोळपाट एका वेळी चाललेले. त्या दोघीही होत्या, एकमेकींकडे पाठ करून, पण एकाच परातीतलं पीठ घेत होत्या.

माणूस थांबला. “इदु यारदु?” त्याने विचारलं. हे कुणाचं?

“नम्मदु री,” आमचं आहे ओ, मावशी लाटता लाटता म्हणाल्या. “आणि साहेब, जरा बाजूला व्हा. सावली पडूलीया.”

तो बाजूला झाला. फॉर्म चाळला, पुढून मागे, मागून पुढे. मग ‘सामाईक उद्योग सुरू आहे काय’ या रकान्यात ‘इल्ल’, म्हणजे नाही, असं लिहिलं, सही केली, आणि मावशींनी पुढे केलेली तेलात बुडवलेली लाटी उभ्या उभ्याच तोंडात टाकली.