ड्यूकपेक्षा तिच्या बाह्या भारी

साने गुरुजींनी जिथे शिकवलं, जिथे तत्त्वज्ञानाची संस्था आहे, त्या अमळनेरात बसून मी सध्या इंग्रजी ऐतिहासिक रोमान्स वाचतेय. उघडपणे. कव्हरवर अर्धी बटणं सोडलेला उमराव आहे, त्याला मी काय करू?

गोष्ट 1830 च्या दशकातल्या लंडनची. नायिका कपडे शिवणारी, स्वतःचं दुकान चालवणारी. नायक ड्यूक, म्हणजे राजघराणं सोडलं तर सगळ्यात वरच्या पायरीवरचा सरदार. दोघं भेटतात, भांडतात, प्रेमात पडतात, ते सगळं ठरल्याप्रमाणे. पण या बाईचा डोळा सुरुवातीला ड्यूकवर नाहीच, त्याच्या ओळखीतल्या बायकांच्या गिऱ्हाइकीवर आहे. तिथेच मी पुस्तकाच्या प्रेमात पडले.

मला शिवणातलं थोडं कळतं, मामीच्या दुकानात काजं-बटणं करतच मोठी झालेय. त्यामुळे ड्यूकच्या निळ्या डोळ्यांची वर्णनं मी भराभर उलटली आणि बाह्यांपाशी थांबले. त्या काळात फुग्याच्या बाह्या इतक्या अवाढव्य होत्या की त्या उभ्या राहाव्यात म्हणून आत पिसं भरलेल्या छोट्या उशा बांधायचे! सगळं हातशिलाईचं, कारण इलियास होवे या अमेरिकन माणसाचं शिवणयंत्राचं पेटंटच 1846 चं. आणि 1836 च्या सुमारास ती फॅशन धाडकन पडली. ज्या शिंपिणीला ते आधी कळलं ती तरली. आपल्याकडे लग्नसराईच्या तोंडावर बाहीची फॅशन बदलली की मामीचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय.

उधारीचंही तसंच. थोरामोठ्यांनी शिंप्याचं बिल महिनोन्महिने थकवायचं, ही तिकडची रीतच. मागायला गेलं तर गिऱ्हाईक तुटतं, नाही मागितलं तर कापडवाला दारात. मी मामीला रात्री गच्चीवर गोष्ट सांगितली. चुंबनं, नाच, घोडागाडी सगळं शांतपणे ऐकून तिने एवढंच विचारलं, "मंग बिल दिन्हं का त्यानी?"

एक गोष्ट मात्र पुस्तकाने गुळमुळीत सोडली, आणि तिथे मी चिडले. तेव्हाच्या इंग्लंडच्या कायद्याने लग्न झालं की बाईची कमाई, गल्ला, कापडाचे तागे, सगळं नवऱ्याचं. कमाईपुरता बदल 1870 ला झाला, मालमत्तेचा खरा हक्क 1882 ला मिळाला. पैसेवाले बाप मुलीच्या नावाने लग्नाआधी करार करून ठेवत, पण हिला कुठला आलाय तसला बाप? म्हणजे "हो" म्हणताना ही बाई रात्री जागून उभं केलेलं दुकान त्याच्या हातात देतेय. मला तो करार पानावर हवा होता. ड्यूकने वकिलासमोर बसून "दुकान हिचंच राहील" यावर सही केली असती, तर मी त्या बागेतल्या चुंबनाच्या प्रसंगापेक्षा जास्त विरघळले असते.

आणि मागच्या खोलीतल्या पोरी? नायिकेच्या हाताखाली शिवणाऱ्या, त्या जवळजवळ दिसतच नाहीत. लंडनच्या सीझनमध्ये, म्हणजे थोरामोठ्यांच्या नाच-मेजवान्यांच्या हंगामात, अशा मुलींना रात्र रात्र शिवायला बसवत, 1843 च्या सरकारी चौकशी अहवालात ते सगळं नोंदलंय. 1863 मध्ये मेरी ॲन वॉकली नावाची वीस वर्षांची मुलगी वेल्सच्या राजकुमारीच्या मानात ठेवलेल्या नाचाचे पोशाख सलग सव्वीस तासांवर शिवून आजारी पडली आणि मेली. मार्क्सने ते 'कॅपिटल'मध्ये लिहून ठेवलंय. रोमान्समध्ये हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण नायिकेची हुशारी मला हिशोबासकट दाखवली, तर तिच्या कारागिरांची मजुरीही दाखवा ना.

तरी पुस्तक रात्री दोनपर्यंत जागून संपवलं, हे खरं. 'असलं काय वाचतेस' म्हणणाऱ्या मंडळींनी निदान दुकानाची प्रकरणं तरी वाचावीत.

मराठीत अशी काही आहे का? अमळनेरच्या प्रताप मिलच्या भोंग्याच्या काळातली, चोळ्या शिवून घर चालवणारी खान्देशी नायिका आणि तिची प्रेमकथा? असेल तर कमेंटमध्ये नाव टाका. ड्यूक नसला तरी चालेल, रोख देणारा हवा.