खुलासा : मँचेस्टरचे मजूर सतराव्या वर्षी मरत नव्हते

‘व्हिक्टोरियाच्या काळात मँचेस्टरच्या गिरणी कामगाराला जेमतेम सतरा वर्षांचं आयुष्य मिळे,’ असा मजकूर सध्या फिरतोय. आकडा खरा आहे, अर्थ चुकलाय.

ब्रिटिश समाजसुधारक एडविन चॅडविक यांच्या मजुरांच्या आरोग्यावरच्या १८४२ च्या अहवालात मँचेस्टरच्या मजूर कुटुंबांतलं मृत्यूचं सरासरी वय १७ दिलं आहे. त्यात तान्ही बाळंही मोजलेली आहेत. तिथे मजुरांची निम्म्याहून अधिक मुलं पाच वर्षांची होण्याआधीच दगावत. समजा, दहांपैकी सहा जण दोन वर्षांचे असताना गेले आणि चार जण चाळिशीत. तरी सरासरी सतराच्या आसपासच येते! म्हणजे बालपण निभावलेला माणूस चाळिशी-पन्नाशी गाठू शके. शिवाय मृतांच्या वयाची सरासरी म्हणजे आयुर्मान नव्हे. बाळं भरपूर जन्मणाऱ्या शहरात ती आपोआप खाली येते.

म्हणून हाल कमी होते असं मुळीच नाही. तळघरांतली ओल, अनेक घरांत मिळून एक संडास, गोवर, हगवण, टायफस (उवांमधून पसरणारा ताप). त्याच अहवालात इंग्लंडमधल्याच ग्रामीण रटलंड परगण्यातल्या मजुरांचं मृत्यूचं सरासरी वय ३८ आहे, आणि मँचेस्टरच्या सुखवस्तू वर्गाचंही नेमकं ३८च. फिरवायचाच तर हा आकडा फिरवा.