आधी वायर ओढा, मग ग्राफिक्स कार्डाचं बघू

दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी इनबॉक्समध्ये येतं, "दादा, व्हॅलोरंटसाठी साठ हजारात पीसी सांग ना." व्हॅलोरंट म्हणजे ऑनलाइन गोळीबाराचा गेम. मी उलट विचारतो, राउटर कुठल्या खोलीत आहे? पुढचा गप्पच होतो. आपण विचारलं काय आणि हा बोलतोय काय!

गेल्या महिन्यात सांगलीला ताईकडे गेलो होतो. भाच्याने नवा पीसी घेतलाय. कॅबिनेट असं झगमगतंय की गणपतीत मांडवात ठेवलं तर वेगळी रोषणाई नको. आणि तक्रार काय, तर "मामा, दुपारी पिंग मधनंच उडतंय, आणि संध्याकाळी साडेसात वाजले की १८० च्या खाली येतच नाही बघ. नेटवाल्याला शंभरदा फोन केला." पिंग म्हणजे आपला निरोप समोरच्या यंत्रापर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद; जितके कमी तितकं बरं.

पीसीवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीत घरच्याच राउटरला पिंग, दुसरीत बाहेरच्या सर्व्हरला. राउटरवाल्या खिडकीत आकडे येत होते: २, ३, २, ४१, ३, ९६. म्हणजे नेटवाल्याच्या तारेपर्यंत जायच्या आधीच, घरातल्या घरात घोळ. राउटर हॉलमध्ये, मध्ये दोन भिंती आणि एक गोदरेजचं कपाट. त्यात वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर. तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११, आणि त्या बिल्डिंगमध्ये राउटर दिसत होते सतरा. वायफायवर सगळ्यांना आळीपाळीने बोलावं लागतं. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया, पुन्हा थांबून पाठवा. व्हिडिओ बघताना हे कळत नाही, कारण तो पुढचा भाग आधीच भरून ठेवतो. गोळी मात्र आधी भरून ठेवता येत नाही.

बाजारात जाऊन वीस मीटर कॅट-६, म्हणजे नेटवर्कची वायर आणली, चौकटीवरून खिळे मारत खोलीत नेली. राउटरचं पिंग १ च्या खाली, आणि हलेना. भाचा खूश.

साडेसातला ताई ऑफिसातून आली. चप्पल काढून पर्स ठेवते न ठेवते तोच दुसऱ्या खिडकीतले आकडे चढायला लागले. ६०, ११०, १८०. पहिल्या खिडकीत अजूनही १ च्या खाली. भाच्याने माझ्याकडे बघितलं, मी ताईच्या फोनकडे. दिवसभराचे फोटो नि व्हिडिओ घरचं वायफाय मिळताच आपोआप वर, म्हणजे इंटरनेटवर, चढत होते. यांचा प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण तो खाली यायला. वर जायला जेमतेम १०. तेवढी वाट भरली की राउटर बाकीचं सगळं रांगेत उभं करतो, आणि गेमची चिमुकली पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, त्या रांगेच्या शेपटाला. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे मोटरसायकल अडकते ना, तसं. मोटरसायकलला रस्ता कितीसा लागतो? पण पुढे जाता येत नाही.

यावर ३०० चा प्लॅन हा उपाय नाही. गेमला तासाला काही शे एमबी पुरतात. माझ्याकडचा जुना राउटर बॅगेत होता, त्यात ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं फुकट सॉफ्टवेअर टाकलेलं. त्यातलं एसक्यूएम, म्हणजे रांग सांभाळणारी सोय, चालू केलं, वर जायची मर्यादा साडेआठवर बांधली. रांग आता आपल्या हातात, लहान पाकिटांना आधी वाट. फोटो सावकाश चढले, पिंग तिशीच्या आतबाहेर राहिलं. गेमचा सर्व्हर मुंबईतच आहे. सांगली-मुंबई अंतर फायबरमधून जाऊन यायला उजेडाला चार-पाच मिलिसेकंद लागतात, बाकी सगळा वेळ मधल्या यंत्रांचा. म्हणून नवं कनेक्शन घ्यायच्या आधी जाहिरात वाचू नका. तेच कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याकडे रात्री नऊला जाऊन पिंग बघा. आठ शिंगांचा 'गेमिंग राउटर' तर बिलकूल नको.

आता पीसी. व्हॅलोरंट सेकंदाला १४४ फ्रेमच्या (चित्रांच्या) वर चालवायला कंपनीच स्वतः जीटीएक्स १०५० टीआय सांगते. २०१६ चं कार्ड! अशा गेमांत आधी दमतो तो प्रोसेसर. त्यामुळे बरा प्रोसेसर, रॅमची १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन, आणि उरलेले पैसे मॉनिटरला. ६० हर्ट्झवर नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ वर दर ६.९ ला. कोपऱ्यातून डोकावणारा माणूस दहा मिलिसेकंद आधी दिसणं म्हणजे काय, ते एकदा बघितल्यावर मागे जाववत नाही.

तर भाच्याकडे १४४ चा मॉनिटर होताच. पॉइंटर गोल फिरवून बघितला, मागे तुटक तुटक ठिपके. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये गेलो. रिफ्रेश रेट ६०. तीन महिने! दुकानदाराने जोडून दिलं, दिवे लावून दाखवले, हे कुणी बघितलंच नाही. तुमचंही आत्ता उघडून बघा, मी थांबतो.

माऊस हलका आणि हातात बसणारा हवा, डीपीआयचे (माऊस किती बारीक हालचाल टिपतो त्याचे) मोठे आकडे विसरा. कीबोर्डवर वाद घालायला मला वेळ नाही. राउटरला मात्र १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावाच. आपल्याकडे लाइट कधी डोळा मिचकावेल सांगता येत नाही, आणि राउटर परत उठेपर्यंत मॅच गेलेली असते.

परवा भाच्याचा फोन आला. पिंग २८, एकदम स्थिर. गेममधली रँक अजून सिल्व्हरच, म्हणजे खालच्या पायऱ्यांवरच. ताई मागून ओरडत होती, "त्याला म्हणावं दिवाळीला रंग द्यायचाय, ती वायर काढायला येणार कोण?"